मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हर काडतुसाची हलकी एकबारी कार्बाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या जेवणानंतर पानसुपारी चालू असताना कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "ऐकलंय तुम्ही बंदूक बनवून घेतलीत?" मी अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहतो, नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो आणि गेली तीन वर्षं .४४ मॅग्नम काडतुसाची एकबारी कार्बाइन वापरतोय. ती मी बनवलेली नाही, गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) जुळवून घेतली आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढतो.

मुळात ही भानगड काय आहे?

रिव्हॉल्व्हरसाठी जन्माला आलेलं जाड, आखूड काडतूस आणि ते एका वेळी एकच भरता येईल अशी छोटी रायफल. मॅगझिन नाही, बोल्ट नाही, पुढेमागे सरकणारं काही नाही. त्यामुळे ॲक्शनची, म्हणजे काडतूस भरून मागून बंद करायच्या यंत्रणेची, लांबी जवळपास शून्य. साडेसोळा इंचांची नळी लावली तरी सगळी बंदूक एकतीस-बत्तीस इंचांत बसते. मचाणावर दोरीने वर ओढून घ्यायला, झुडपांतून वाकून जायला, दिवसभर खांद्यावर वागवायला याहून सुटसुटीत काही नाही.

पण एकच बार? चुकला तर?

तर चुकला. माझ्या आजोबांकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. दारू, चिंध्या, छरे, पुन्हा चिंध्या, गज मारून ठासायचं, टोपी चढवायची. दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात. त्या मानाने मोडून उघडायच्या (नळी बिजागरीवर खाली झुकणाऱ्या) बंदुकीत पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, काढून नवं काडतूस घालायला चार-पाच सेकंद लागतात. ती चैनच म्हणायची.

इलिनॉयपुरतं आणखी एक कारण आहे आणि ते कायद्याचं आहे. इथे हरणासाठी वर्षानुवर्षं शॉटगन, ठासणीची बंदूक आणि हँडगन एवढंच चालायचं. २०२३ पासून रायफलला परवानगी मिळाली, पण फक्त एकबारी रायफलला. काडतूस .३० (गोळीची जाडी, इंचांत) किंवा त्याहून मोठं, सरळ भिंतीचं (गळ्याशी अरुंद न होणारं), आणि कारखान्यात भरलेल्या मालाच्या छापील आकड्यांत नळीच्या तोंडाशी किमान ५०० फूट-पाउंड ऊर्जा दाखवणारं हवं. आखूड बाटलीगळ्याच्या काही काडतुसांनाही वाट ठेवली आहे, पण तो आपला विषय नाही. म्हणजे हौस म्हणून जे करायचं ते इथे नियमातच बसलं. नियमपुस्तिका मात्र दर हंगामाला नव्याने वाचा. ओहायो, मिशिगन, आयोवा इथेही सरळ भिंतीच्या काडतुसांना परवानगी आहे, पण प्रत्येकाची मोजमापं वेगळी.

काडतूस कोणतं घ्यायचं?

सगळे इथूनच सुरुवात करतात, मीही केली. खरं तर आधी वजन आणि जागा ठरवायला हवी, पण माणूस काडतुसाच्या प्रेमात आधी पडतो, त्याला इलाज नाही.

चार उमेदवार धरू. .४५ कोल्ट हा घरातला वडीलधारा, १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरबरोबर आला. दाब चौरस इंचाला १४,००० पाउंड, म्हणजे आजच्या हिशेबाने अगदी सौम्य. .४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमधून आलं. एल्मर कीथ नावाच्या आयडाहोच्या काउबॉय-लेखकाने वर्षानुवर्षं कानी-कपाळी ओरडून कंपन्यांना ते करायला लावलं होतं. त्याचा दाब ३६,०००. .४५४ कॅसल हे डिक कॅसल यांनी १९५० च्या दशकात .४५ कोल्टलाच लांब करून, ताकद भरून केलं. १९८३ मध्ये वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सने त्यासाठी रिव्हॉल्व्हर काढलं. दाब थेट ६५,०००. आणि .४८० रुगर, ४८,०००.

नुसत्या दाबावरून काही कळत नाही. तो दाब पुंगळीच्या बुडावर पडतो आणि बूड ॲक्शनला मागे ढकलतं. बुडाचं बाहेरचं क्षेत्रफळ धरून मी ढोबळ हिशेब केला. .४५ कोल्ट अडीच हजार पाउंड ढकलतं, .४४ मॅग्नम ५,९०० च्या आसपास, .४८० रुगर साडेनऊ हजार आणि .४५४ कॅसल पावणेबारा हजार. तुलनेसाठी, सैन्यातून आलेली .२२३ सुमारे ६,१०० ढकलते आणि .३०८ सुमारे १०,७००. म्हणजे .४४ मॅग्नम दिसायला दांडगं असलं तरी ॲक्शनच्या दृष्टीने ते .२२३ च्या पंगतीला बसतं. .४५४ मात्र .३०८ च्याही पुढे जातं. हलकी, नाजूक ॲक्शन वापरायची तर निर्णय इथेच झाला.

माझं मत: पहिल्यांदा करत असाल तर .४४ मॅग्नम. काडतुसं कुठेही मिळतात, सरावाला त्याच नळीत मऊ .४४ स्पेशल चालतं, आणि हरणाला पुरून उरतं. .४५ कोल्टवर माझं मन आहे, पण कारखान्यातला सौम्य माल, म्हणजे २५० ग्रेनची (७,००० ग्रेन म्हणजे एक पाउंड) गोळी सेकंदाला ८६० फुटांनी, ४१० फूट-पाउंडांवर थांबतो. त्याहून जोरदार माल मिळतो, तो जुन्या किंवा कमकुवत बंदुकीत चुकून गेला तर नळीसकट हात जाईल. घरात दोन .४५ असतील तर हा धोका खराच असतो.

.४५ कोल्टच्या जुन्या रायफली का दिसत नाहीत?

चांगला प्रश्न, कारण सिनेमात सगळ्यांकडे असतात. १८७३ ची विंचेस्टर रायफल .४५ कोल्टमध्ये कधी निघालीच नाही. तिचं काडतूस .४४-४० होतं, आणि पुढे कोल्टनेच आपलं रिव्हॉल्व्हर .४४-४० मध्ये काढलं, म्हणजे एकच काडतूस दोन्हीकडे. जुन्या .४५ च्या पुंगळीची कड फार बारीक होती, एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) पकडायला काही नसायचं. आजच्या पुंगळ्यांची कड ठीक आहे. एकबारी बंदुकीत तर पुंगळी पूर्ण बाहेर फेकायचीच गरज नाही, एक्स्ट्रॅक्टरने थोडी उचलली की बोटांनी काढता येते.

फ्रेम कोणती?

फ्रेम म्हणजे नळी आणि दस्ता ज्याला जोडतात तो मधला सांगाडा. इथे खरी मजा आहे. तीन घराणी आहेत.

पहिलं मोडून उघडायचं, आपल्याकडच्या बाराबोअरसारखं. यातलं सर्वांत लवचीक म्हणजे थॉम्पसन/सेंटरची कंटेंडर, वॉरन सेंटर यांची, १९६७ ची. पुढचा लाकडी हात स्क्रू काढून उतरवायचा, बिजागरीची पिन ढकलायची, नळी हातात येते. दुसरी लावायची, पिन परत. पाच मिनिटांचं काम. नुसत्या नळ्या बनवणारे छोटे कारागीरही आहेत. जुन्या कंटेंडरची एक खोड लक्षात ठेवा: हॅमर (मागचा घोडा) चढवून न झाडता हळूच उतरवला, तर पुन्हा चढवण्याआधी बंदूक उघडून बंद करावी लागते. थंडीत, हरीण तीस यार्डांवर असताना ती 'खट्' जगभर ऐकू जाते. नंतरच्या जी-टू फ्रेममध्ये हे काढून टाकलं. माझी जी-टू आहे, आणि तेवढ्या एका कारणासाठी मी जास्त पैसे दिले. कंपनीच स्मिथ अँड वेसनने २०२१ मध्ये विकायला काढली, त्यामुळे फ्रेम बहुतेक जुन्या बाजारातच शोधावी लागते. .४५४ हवंच असेल तर तिची थोरली बहीण एन्कोर बघा, ती दणकट आहे आणि वजनही तसंच.

याच घराण्यात एच अँड आर हँडी-रायफल आहे. २०१५ मध्ये बंद झाली, पण जुन्या बाजारात अजून फिरते. एक सावधगिरी: शॉटगनची फ्रेम आणि रायफलची फ्रेम बाहेरून सारखी दिसते, पण शॉटगनच्या फ्रेमवर रायफलची नळी चढवायची नसते. कुणी "बसते की" म्हणालं तर बसते, प्रश्न बसण्याचा नाही. नवी कोरी हवी असेल तर हेन्रीची एकबारी .४४ मॅग्नममध्ये मिळते. नळी बावीस इंच, वजन सात पाउंडांच्या आसपास. ती घेऊन नळी साडेसोळावर आणली, तोंड नीट क्राउन करून (कापलेली कड सरळ, गुळगुळीत करून) घेतलं, तर अर्धा-पाऊण पाउंड उतरतं. कमी खर्चात बरंच काम होतं.

दुसरं घराणं फॉलिंग ब्लॉक, म्हणजे खालचा लिव्हर ओढला की पोलादी ठोकळा खाली सरकतो. जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेली विंचेस्टर १८८५ दोन रूपांत आली, हाय वॉल आणि लो वॉल. लो वॉल छोट्या काडतुसांसाठी, आणि तिच्या इटालियन नकला आजही बनतात. रुगरने १९७३ मध्ये नंबर थ्री नावाची साधी, सहा पाउंडांची कार्बाइन काढली होती, ती काही वर्षं .४४ मॅग्नममध्येही निघाली. मिळाली तर बदल करू नका, तशीच वापरा.

तिसरं मार्टिनी, त्याचा प्रश्न वेगळा विचारला जातो.

मार्टिनी म्हणजे तीच, ब्रिटिशांच्या फौजेतली?

तिचीच धाकटी पाती. मार्टिनी-हेन्री १८७१ ची, हिंदुस्थानातही ती भरपूर फिरली. पण कार्बाइनसाठी घेतात ती मार्टिनी कॅडेट. बीएसए आणि ग्रीनर या ब्रिटिश कंपन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी कॅडेटांसाठी .३१० च्या छोट्या काडतुसात बनवलेली. ॲक्शन मुठीएवढी, देखणी. पुढे अमेरिकेत लोकांनी ती .३५७ आणि .४४ मॅग्नममध्ये बदलून घेतली. मला मोह झाला होता. पण शंभर वर्षांचं पोलाद, काडतुसाच्या रुंदीसाठी आत करावी लागणारी कोरणी, आणि असं काम नेहमी करणारा गनस्मिथ शोधणं, हे सगळं मिळून पहिल्या प्रकल्पासाठी नको असं ठरवलं. दुसऱ्यासाठी बघू.

हलकी म्हणजे नेमकी किती हलकी?

इथेच माझं हसं झालं होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पोलादाचं वजन आधी काढा. साडेसोळा इंचांची, .४४ ची नळी बाहेरून एक इंच जाड असेल तर तीन पाउंड. पाऊण इंच असेल तर एक पाउंड सहा औंस. .६५ इंच असेल तर पाउंडाच्याही खाली. भोक मोठं असल्यामुळे त्याच जाडीच्या .२२३ च्या नळीपेक्षा ही आपोआप हलकी होते. नळीची मागची बाजू, जिथे काडतूस बसतं, तिथली जाडी किती ठेवायची हे गनस्मिथ आणि नळी बनवणारा ठरवतो. त्यात आपण घासाघीस करायची नाही.

आता धक्का. २४० ग्रेनची गोळी कार्बाइनमधून सेकंदाला १,७६० फुटांनी जाते. सात पाउंडांच्या बंदुकीत धक्का साधारण १२ फूट-पाउंड. पाच पाउंडांत साडेसोळा. चार पाउंडांत वीसच्या वर, म्हणजे आठ पाउंडांच्या .३०-०६ एवढा. पाच पाउंडांच्या बंदुकीत ३०० ग्रेनचं जोरदार .४५४ घातलंत तर २९ च्या आसपास. आणि सौम्य .४५ कोल्ट? पाचसुद्धा नाही.

मी पहिल्या खेपेला बारीक नळी, पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता असं करून चार पाउंड सहा औंसांवर आणली. भारतात जाताना बॅगा तोलायचा हातकाटा असतो ना, त्याला टांगून मित्रांना दाखवली. सगळे वा वा म्हणाले. मग रेंजवर गेलो. पहिल्या पाच गोळ्या मुठीएवढ्या वर्तुळात. पुढच्या पाच ताटाएवढ्या. सोबतच्या मित्राने मग युक्ती केली. मला पाठ फिरवायला लावून तो बंदूक भरायचा, कधी खरं काडतूस, कधी वापरलेली रिकामी पुंगळी. मी चाप ओढला, रिकाम्या पुंगळीवर नुसतं 'टक्' झालं, आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. आवाज नाही, धक्का नाही, आणि मी आपला मान आखडून डोळे मिटलेले. मित्र काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या खेपेला पाऊण इंची नळी, अक्रोडाचा भरीव दस्ता, मागे मऊ रबरी पॅड. काट्यावर दोन किलो साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे पाच पाउंड तीन औंस. तेरा औंस परत घेतले आणि बंदूक वापरण्यासारखी झाली. .४४ मॅग्नमला माझ्या मते पाच पाउंड हा तळ आहे. .४८० ला सहा. .४५४ ला साडेसहाच्या खाली जाण्यात शौर्य असेल, शहाणपण नाही. .४५ कोल्टच्या सौम्य मालालाच चार पाउंड शोभतात.

नळी किती लांब?

रिव्हॉल्व्हर काडतुसांची दारू लवकर जळून जाते. सोळा ते अठरा इंचांनंतर मिळणारा वेग किरकोळ, लांबी मात्र अडकते. म्हणून सोळाच्या जवळ रहावं.

पण सोळाच्या खाली नाही. संघराज्याच्या कायद्याने रायफलची नळी किमान १६ इंच आणि एकूण लांबी किमान २६ इंच हवी. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे त्याहून छोटी बंदूक आधी नोंदवून मंजुरी घ्यावी लागते. २०२६ च्या जानेवारीपासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला, पण नोंदणी गेलेली नाही, आणि इलिनॉयमध्ये सामान्य माणसाला ती वाट जवळपास बंदच आहे. बंद ब्रीचपासून (नळीच्या मागच्या टोकापासून) तोंडापर्यंत आतून काठी घालून मोजतात. गनस्मिथला १६ सांगू नका, साडेसोळा सांगा. क्राउन बिघडला आणि पुन्हा कापावं लागलं तर तेवढी जागा असते.

कंटेंडरला पिस्तुलाचीही नळी बसते. मग अदलाबदल चालते?

चालते, पण क्रम चुकला तर गुन्हा होतो. दहा इंची नळी आणि खांद्याचा दस्ता एकाच वेळी फ्रेमवर असता कामा नये. कार्बाइन करताना आधी लांब नळी, मग दस्ता. परत पिस्तूल करताना आधी दस्ता काढायचा, मग नळी. पिस्तूल, दस्ता आणि एकवीस इंची नळी एका संचात विकण्यावरून सरकार आणि कंपनीत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आणखी एक मेख आहे: फ्रेम मुळात रायफल म्हणून विकली गेली असेल तर तिचं पिस्तूल करता येत नाही. पिस्तुलाची रायफल आणि परत पिस्तूल हे चालतं. जुनी फ्रेम घेताना ती पहिल्यांदा काय म्हणून विकली गेली, हे कागदावर घ्या.

रायफलिंगचा पीळ किती?

नळीच्या आत गोळीला फिरवणारे पिळदार आटे असतात, तेच रायफलिंग. .४४ ला वीस इंचांत एक फेरा. जुन्या मार्लिन लिव्हर रायफलींना अडतीस इंचांत एक असायचा, २४० ग्रेनपर्यंत ठीक, ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या त्यात डगमगतात. नवी नळी करून घेताय तर हा दोष विकत का घ्यायचा?

.४१० शॉटगनचे छरेही उडतील अशी .४५ ची नळी घेऊ का?

नको. लांब चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या जागेत) आखूड .४५ ची गोळी आटे पकडायच्या आधी बरंच अंतर मोकळी उडते, आणि फिरणारे आटे छऱ्यांचा पसारा करतात. दोन्ही बार फुसके.

दस्त्याचं माप कसं घ्यायचं?

कोट घालून! माझ्या गनस्मिथने माप जुलैत घेतलं, मी टी-शर्टवर. पावणेचौदा इंच, आरशात झकास. नोव्हेंबरात अंगात दोन स्वेटर, वर जाड कोट, त्यावर केशरी जाकीट (इथे ४०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी सक्तीचं आहे). मादी समोर आली, बंदूक उचलली, आणि रबरी पॅड काखेतच अडकलं. सोडवेपर्यंत तिने शेपटीचा पांढरा झेंडा दाखवला आणि गेली. चूक गनस्मिथची अर्धी, माझी अर्धी. आता तेरा इंच आहे. उन्हाळ्यात थोडी आखूड वाटते, पण उन्हाळ्यात ती फक्त कागदावर चालते.

दुर्बीण लावू का?

लावा, पण नाकापेक्षा मोती जड नको. सव्वा पाउंडाची दुर्बीण, वर पोलादी पट्टी आणि कड्या, म्हणजे नळीतून तासून काढलेलं सगळं परत वर चढवलं. शिवाय हॅमर दुर्बिणीखाली झाकला जातो, अंगठ्यासाठी त्याला बाजूला काडी जोडावी लागते. मी मागे पीप साइट (बारीक भोकाची कडी) आणि पुढे पांढरा मणी वापरतो. चाळिशीनंतर पुढचा मणी धूसर दिसू लागला तर छोटा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी काच) घ्या, दोन-तीन औंसांत काम होतं.

किती लांबवर मारता येतं?

शंभर यार्डांवर नेम बसवला की दोनशेवर गोळी दीड फुटाच्या आसपास खाली जाते, आणि तोवर वेगही १,१०० फुटांवर येतो. त्यामुळे सव्वाशे यार्ड ही माझी हद्द. इथलं हरीण बहुतेक वेळा मक्याच्या शेताच्या कडेला किंवा झाडीत साठ-सत्तरवर दिसतं. उघड्या माळावर शिकार करत असाल तर हा खेळ तुमच्यासाठी नाही.

गनस्मिथकडे जाताना काय न्यावं?

एक कागद. त्यावर काडतुसाचं पूर्ण नाव, वापरायची नेमकी गोळी आणि तिचं वजन, नळीची लांबी, पीळ, कोटासकट दस्त्याचं माप, साइट, आणि सगळ्यात खाली एकूण वजनाचा आकडा. "हलकी करा" असं तोंडी सांगू नका, प्रत्येकाची 'हलकी' वेगळी असते. त्याच्याकडे परवाना आहे ना ते बघा. नळीवर काडतुसाचं नाव ठसठशीत कोरून घ्या. आणि आधी नळी मागवून मग फ्रेम शोधणं म्हणजे आधी कळस मग पाया. तसं करणारे दोघे मला माहीत आहेत, दोघांच्या नळ्या कपाटात आहेत.

मी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे. घेता येईल?

मूळ नियम 'नाही' असाच आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघराज्याचा कायदा मनाई करतो. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे वैध शिकार-परवाना जवळ असणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. पण अपवादावर विसंबून दुकानात जाण्याआधी इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही कळणाऱ्या वकिलाला पैसे द्या. इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसा जातो. मित्राच्या बंदुकीने रेंजवर 'एकच गोळी' उडवणं यालाही हे लागू होतं, हे फार जणांना माहीत नसतं. इलिनॉयमध्ये त्यावर एफओआयडी कार्ड (राज्याचं शस्त्रधारकाचं ओळखपत्र) हवं, आणि खरेदीनंतर ताबा मिळायला ७२ तास थांबावं लागतं.

गावी नेता येईल का? डुकरांचा फार त्रास आहे.

नाही. भारतात परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने हौशी शिकार बंद आहे. पिकाच्या नुकसानीसाठी तिथे वनखात्याची वेगळी वाट आहे, त्या वाटेने जा. माझा चुलतभाऊ दरवर्षी विचारतो, त्यालाही हेच सांगतो.

काडतुसं घरी भरता का?

भरतो, पण कसं ते इथे सांगणार नाही. ते पुस्तक समोर ठेवून, जाणत्याबरोबर बसून शिकायचं काम. एकच सांगतो: .४४ मॅग्नमच्या काही संथ जळणाऱ्या दारूंचं प्रमाण 'सौम्य करू' म्हणून मनाने कमी करणं हेसुद्धा धोक्याचं आहे. धक्का कमी हवा असेल तर .४४ स्पेशल विकत आणा.

घरी कुठे ठेवता?

कुलपाच्या लोखंडी कपाटात, उघडून, रिकामी. काडतुसं वेगळ्या खोलीत, त्यालाही कुलूप. मोडून उघडणाऱ्या बंदुकीचा हा फायदा आहे की भरलेली आहे की नाही हे लांबूनही दिसतं. बायकोने कपाटाची जागा ठरवली, मी फक्त वाहून नेलं.

तुमची विकणार का?

पहिली, चार पाउंड सहा औंसांची बारीक नळी हवी असेल तर बोलू. अट एकच: घेण्याआधी दहा गोळ्या माझ्यासमोर उडवायच्या, आणि भरताना पाठ फिरवून. भरणार मी.